ठाण्याच्या दारातला फळा

माझ्या नवऱ्याला अटक झाली तो दिवस आठवला की मला अजून हसू फुटतं. सभ्य बाईच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, ठाऊक आहे. पण फुटतं त्याला मी काय करणार?

आधी फळ्याची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी बाई मिरकरवाड्याची. तिचा मुलगा बोटीवर जायचा. एकदा बंदरावर बर्फावरून भांडण जुंपलं आणि पोलिसांनी तिघाचौघांना उचललं. ही बिचारी दिवसभर ठाण्यात जा, सिव्हिल हॉस्पिटलात जा, पुन्हा ठाण्यात जा, अशी वणवण फिरली. पोरगा समुद्रात पडला, असंच तिनं मनाशी धरलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कोर्टाच्या आवारात दिसला. ज्या ठाण्यात ती दोनदा विचारून आली, तिथेच आत बसलेला होता.

मी संतापले. जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेलेला, त्यामुळे नियम सापडला की मला जेवण गोड लागतं. कायदा सांगतो, अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि आरोप ठाण्यात सगळ्यांना दिसतील असे लावा. मी ठाण्याकडे तशी मागणी केली. उत्तर आलं, फलकासाठी तरतूद नाही. मग माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला की ठाण्यानं फलकांवर काय खर्च केला ते कळवा. कळवलं. फळा आदल्याच वर्षी विकत घेतलेला होता, बिलसुद्धा चुकतं झालेलं.

तो कागद आणि मासेवाली, दोघांना घेऊन मी ठाण्यात हजर. शोधाशोध सुरू झाली. फळा सापडला तो मागच्या आवारात, पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून, आणि त्याच्यावर हवालदाराचा टॉवेल वाळत घातलेला. आम्ही दोघी तिथेच पोट धरून हसलो. शेवटी तो हवालदारही हसायला लागला. तो माझ्या नवऱ्याचा विद्यार्थी. नवरा हेडमास्तर होता, त्यामुळे रत्नागिरीत कुठल्याही कचेरीत गेलं तरी त्याच्या हातची छडी खाल्लेला एखादा निघतोच.

फळा ठाण्याच्या दारात लागला. मासेवाली चौथीपर्यंत शिकलेली. बाजारातून परतताना ती तो अक्षर लावत वाचायची आणि बंदरावरच्या बायांना खबर द्यायची. नवरा मला चिडवायचा, "पोलिसांच्या वर्गाची मॉनिटर झालीस!" मला ते आवडायचं.

मग गणपती आले. एके दिवशी जेवण झाल्यावर नवरा "मंडळाचं जरा काम आहे" म्हणून बाहेर पडला. संध्याकाळ झाली, आरतीचं तबक तयार झालं, तरी याचा पत्ता नाही. फोन बंद. मंडपात जाऊन पाहिलं तर एकही कार्यकर्ता नाही. नवऱ्याला साखरेचा त्रास, त्यात त्या दिवशी मोदक हाणलेले. कुठे चक्कर येऊन पडला असेल, कुणी पाहिलं तरी असेल का, या विचारानं मी घरात-अंगणात येरझाऱ्या घालू लागले.

तेवढ्यात दारात मासेवाली. श्रावणापासून गणपती जाईपर्यंत आमच्याकडे मासळी बंद, म्हणून त्या दिवसांत ती फिरकत नाही. तिला मासळीच्या पाटीशिवाय उभी पाहून मी धावत पुढे झाले.

"बाई, मास्तर घरात हायत?"

"नाहीत गं. का?"

"मंग तेच ते. फळ्यावर नाव हाय त्यांचा. हवालदारान पत्त्यासकट लिवलान. दोनदा वाचला मी."

"कशासाठी?"

"जुगार," ती म्हणाली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायला लागली.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नवरा जिवंत होता. जुगार खेळण्याइतका धडधाकट होता! मी देवाला हात जोडले, तबक झाकलं आणि आम्ही रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून बघत होता, या दोघी पोलीस ठाण्यात चालल्यात आणि हसतात कशाला म्हणून.

कोकणात गणपतीत पत्ते कोण खेळत नाही? पण मंडपाच्या पडद्यामागे पैसे लावून खेळणाऱ्यांची कुणीतरी तक्रार केली होती. नवरा बाकावर, त्याच्यासारख्याच दोन पेन्शनरांच्या मध्ये मान खाली घालून बसला होता. पोलिसांनी घरी कळवायला नंबर मागितला तर यानं, घरी कळू नये म्हणून, भलत्याचाच दिला होता. मला पाहून तो उठलाच.

"तुला कुणी सांगितलंन?"

"फळ्यानं," मी म्हटलं. "आणि अहो, अक्षर लागत नाही म्हणून शाळेत ओरडायचात ना या हवालदाराला? किती सुबक लिहिलंय बघा त्यानं नाव."

हवालदारानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, जामिनाचं झालंय. आणि नावाची काळजी करू नका." त्यानं दारापाशी जाऊन डस्टर उचललं.

माझं हसू थांबलं. खरं सांगते, पुसलं तर बरं असं मला वाटलं. विसर्जनाला अख्खं गाव त्याच रस्त्यानं जाणार होतं. नवऱ्याचा चेहरा तर एकदम उजळला.

मासेवाली उंबऱ्याशी उभी होती. "पुसा की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मास्तर मोठा माणूस. माज्या पोराचा नाव तर तवा कोणी लिवलानच नाय."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश चालत दारापाशी गेला. विद्यार्थ्याच्या हातातून डस्टर काढून घेतलं. मला वाटलं, आता हा स्वतःच पुसणार. त्यानं ते फळ्याखालच्या फळीवर ठेवून दिलं आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "तास संपायच्या आधी फळा पुसायला कुणी सांगितलंन रे?"

हवालदाराचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

"कुणी नाही, सर," तो म्हणाला.