मालकांकडचं जेवण

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे साहेब म्हणतात, तेही शाळेत असल्यापासून. बिनइस्त्रीचा सदरा घालून तो घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. इस्त्री आमच्याकडे नव्हती, म्हणून सदरा गादीखाली घालून त्यावर निजायचा. बाबा कारखान्यात लेथच्या यंत्रावर काम करायचे आणि कारखान्यामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा घरी आले की अंगाला तेलाचा आणि लोखंडाचा वास यायचा. साहेब नाक मुरडायचा नाही, पण जरा लांब बसायचा.

मी कपडे शिवते. कुठलंही कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायची खोड आहे मला, आणि माणसांच्या बाबतीतही तेच. साहेब कसा घडला ते तर मी अगदी जवळून पाहिलं. कॉलेजात त्याने मोठ्या घरची मुलं हेरून ठेवली होती. ती कशी हसतात, कुणासाठी दार धरून उभी राहतात, नाही न म्हणता नकार कसा देतात, सगळं घोकून घरी यायचा. काट्याचमच्याने जेवायचा सराव उकडलेल्या बटाट्यावर चालायचा. बाबा म्हणायचे, "अरे, हळू घे. तो बटाटा कुठे पळून चाललाय?" नोकरीत वडिलांबद्दल कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: यंत्रांच्या व्यवसायात होते. तसं खोटंही नव्हतं म्हणा.

असं करत करत स्वारी कंपनीत थेट वरच्या मजल्यावर पोचली. थोरले मालक निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोनच नावं उरली होती. एक साहेबाचं आणि दुसरं एका उंच गृहस्थाचं, ज्याच्या वडिलांच्या कापडाच्या गिरण्या होत्या. निवडीआधी मालकांनी दोघांनाही घरी जेवायला बोलावलं आणि घरचं कुणीतरी सोबत आणा, असा निरोप दिला. साहेबाला लग्न करायला कधी सवडच झाली नव्हती. मी म्हटलं, "मग बाबांना ने." तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी मी गेले. बाबांनी त्याचे बूट घासूनपुसून लख्ख करून दिले.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "ताई, बाबांचा विषय निघाला तर मी बोलेन. तू काही बोलू नकोस."

मला असा राग आला की उतरून जावं. पण ती खुर्ची त्याला किती हवी होती तेही मला ठाऊक होतं, म्हणून तोंडाला कुलूप लावलं.

मालकांच्या घरी भपका बघायला मिळेल म्हणून मी मोठ्या हौसेने गेले होते. तिथे सोफ्याचं कापड झिजलेलं, आणि मालकांच्या स्वेटरला कोपरावर रफू. रफू इतकं नामी होतं की ते कुणी केलं हे मी विचारलंच, आणि मालकांची कळी खुलली. उंच गृहस्थाच्या कॉलरीचे तर दोरे निघाले होते. आमचा साहेब तेवढा मी शिवलेल्या नव्याकोऱ्या सुटात, लग्नाला निघाल्यासारखा. फाटलेलं झाकता झाकता आमचा जन्म गेला, आणि इथे लोक ते अंगावर मिरवत होते. याची मला भारी गंमत वाटली.

जेवताना मालक म्हणाले, "आमचे पणजोबा या शहरात आले तेव्हा पायात वहाण नव्हती." मालकीणबाईंनी लगेच आपल्या पणजीची गोष्ट काढली, ती लोकांची धुणी धुवायची. मग उंच गृहस्थ खुर्चीत रेलून म्हणाला, "माझे आजोबा हातगाडीवर कापड विकायचे. ती हातगाडी आम्ही अजून ठेवलीये, दिवाणखान्यात." सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. मी हातातला घास हातातच धरून ऐकत होते. एवढी गरिबी मी आमच्या गल्लीतसुद्धा एका बैठकीत ऐकली नव्हती.

"आणि तुमचे वडील?" मालकांनी साहेबाला विचारलं.

सांग रे, सांगून टाक, आज तर इथे लेथलाच भाव आहे, असं मनात म्हणत मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्यालाही ते कळलंय हे मला स्पष्ट दिसलं. त्याने घसा खाकरला, तोंड उघडलं आणि वर्षानुवर्षं घोटलेलं वाक्यच बाहेर आलं. "यंत्रांच्या व्यवसायात होते."

"वा, म्हणजे पाया तयारच होता," मालक म्हणाले, आणि पाण्याचा जग पुढे सरकवला.

परत येताना मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "आजवर सगळ्यांना तेच सांगत आलोय ना, ताई. आज वेगळं सांगितलं असतं तर खोटारडा ठरलो असतो."

निकाल लागला त्या दिवशी तो ऑफिसातून तडक घरी आला आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. मालकांनी त्याला जवळ बसवून सांगितलं होतं की माणूस तुम्ही उत्तम आहात, पण आम्हाला खालून वर आलेला, चटके खाल्लेला माणूस हवा होता. मला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "बाबांना यातलं काही सांगू नकोस."

बाहेर बाबा वाट बघत बसले होते. "कुणाला मिळालं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याला," साहेब म्हणाला. त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "त्याचे आजोबा हातगाडीवर कापड विकायचे."

बाबा साहेबाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "मग मिळू दे रे त्याला. गरिबाघरचा दिसतोय. तुझ्या मागे निदान मी तरी होतो."