सहीच्या वरची रेघ

"गुरुजी, तुमचे ते दहाच्या तिकिटवाले गेले ना..." शहापूरच्या तहसील कचेरीबाहेर कोर्ट फीची तिकिटं विकणारा म्हणाला, तेव्हा मला कळलं. भास्कर माझ्याच पाड्यातला, लहानपणापासूनचा सोबती, आणि त्याच्या जाण्याची बातमी मला तिकीटवाल्याने द्यावी! मी आठवडाभर मुरबाडला मुलीकडे होतो. थेट पुण्यानुमोदनालाच, त्याच्या शोकसभेलाच पोचलो.

भास्कर एसटीत मेकॅनिक. बोलणं कमी, हट्ट भारी. आमचा पाडा आणि शेणव्याची शाळा यांच्यामध्ये ओढा आहे. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून देतो, असं आमदारसाहेब दर निवडणुकीला सांगत. नारळही दोनदा फुटला. पावसाळ्यात पाडा तुटायचा आणि पोरींची शाळाही. मी त्याच शाळेत मास्तर; भास्करची थोरली लेक सुनंदा माझ्याच वर्गातली, हुशार. सातवीतून घरी बसली ती या ओढ्यापायी. तिच्या लग्नाच्या मांडवात तो मला म्हणाला, "मास्तर, हिचं झालं ते झालं... पन धाकटीला मी बसू देनार नाय."

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तशी आमची जोडी जमली. त्याने सांगायचं, मी लिहायचं. मंजूर साकवाचं काय झालं, एवढाच प्रश्न. दहाचं तिकीट, पोच, तीस दिवसांची वाट, मग अपील. कधी फाइल सापडत नाही, कधी संबंधित कर्मचारी रजेवर. त्याला लांबून पाहिलं की कारकून चहाला निघायचे. तो बाकावर बसून राहायचा. त्याला राग कसा येत नाही, याचाच मला राग यायचा.

दोन वर्षांनी फाइलची नक्कल हातात पडली. साकव बांधून झाला होता... कागदावर. सोबत ग्रामसभेचा ठराव: काम समाधानकारक पूर्ण झाले आहे. खाली सह्या. पहिली भास्करची, दुसरी माझी.

आमच्याकडे ग्रामसभेत रजिस्टर आधी फिरतं. कोऱ्या पानाच्या खालच्या अंगाला सह्या करून माणसं घरी जातात, ठराव मागून सावकाश लिहिला जातो. वर्षानुवर्षं असंच. मी शिकलेला माणूस, मीही तेच केलं होतं.

"आपनच बांधला रे मास्तर," भास्कर म्हणाला आणि हसला. ते हसणं मला अजून सोसत नाही.

आमदारांच्या माणसाला नक्कल दाखवली. तो म्हणाला, "सही तुमचीच हाय ना? मग तक्रार कोनाची?" त्या पावसाळ्यात धाकटीही घरी बसली.

भास्कर शेवटपर्यंत अर्ज करत राहिला, पण आशेने नव्हे, सवयीने. एक सवय मात्र नवी लागली. सही करण्याआधी तो वरच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारायचा. रेशनच्या दुकानात, बँकेत, सगळीकडे. दवाखान्याच्या शेवटच्या फॉर्मवरही मारली, तर नर्स ओरडली, "बाबा, फॉर्म खराब नका करू!"

गेल्या आठवड्यात ग्रामसभेत त्याला श्रद्धांजली झाली. आमदारांकडून हार आला होता. दोन मिनिटं उभे राहिलो, मग रजिस्टर आधी माझ्याकडे आलं. पान कोरं.

"करा गुरुजी सही, मी लिहितो मागून," ग्रामसेवक म्हणाला.

लोक चपला शोधत होते. रेघेची आठवण मला झाली, नाही असं नाही... पण सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी नुसती सही केली, पहिल्या जागेवर, जिथे भास्कर करायचा.