न फोडलेली तार

तेव्हा मी अंधेरीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होते आणि घरात सगळ्यांना पिडत होते. मांजर आडवं गेलं की काम होत नाही? कशावरून? आई वैतागून म्हणायची, "शिकलीस ती आमचं डोकं खायला."

ताईच्या हळदीच्या दिवशी सकाळी बोरिवलीच्या आमच्या खोलीत तार आली. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. बाबांची आई, म्हणजे आमची आजी, मालवणकडे गावी अंथरुणाला खिळली होती. काका तिच्यापाशी थांबले होते, पण तिच्या तोंडी 'माझो झील', म्हणजे माझा मुलगा, ते बाबाच. शुभेच्छांची तार नक्षीच्या पाकिटातून यायची. ही साधी होती, गावाहून आलेली. अशी तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत. बाबांनी सही केली आणि ती न फोडताच हातात धरून खाली बसले.

आईने दार लोटलं. बाहेर गॅलरीत बायका हळद कालवत होत्या.

"आता सुतक लागला तर लग्नाचा काय?" ती कुजबुजली.

ताईचं जमलेलं लग्न आधी एकदा फिसकटलं होतं. हेही लांबलं तर मुलाकडचे थांबतील याचा भरवसा नव्हता. आणि मी, अतिशहाणी, बोलून गेले, "सुतक माणूस गेल्यावर लागतं की आपल्याला कळल्यावर? कळल्यावरच ना? मग आपल्याला कुठे काय कळलंय?"

मला वाटलं, आई ओरडेल. तिने बाबांच्या हातून तार घेतली आणि कपाटावर पापडांच्या डब्याखाली सरकवली. बाबांनी उठून दार उघडलं. माझं म्हणणं घरात पहिल्यांदाच कुणी मानलं होतं.

दीड दिवस मी त्या डब्याकडे बघत होते. कुणी पापड मागितले की मीच आधी धावून काढून द्यायचे. ताईला हळद लावताना बाबा हसले, मग हात धुवायला गेले ते बराच वेळ मोरीतून बाहेर आलेच नाहीत. हॉलवर कुणी आजीची चौकशी केली की आई म्हणे, "आसा तशीच." मंगलाष्टकांत मला एकच भीती, आत्ता कुणीतरी दारातून ओरडत येईल.

ताईची पाठवणी करून संध्याकाळी घरी आलो. बाबांनी आधी सुतकाच्या आंघोळीसाठी टॉवेल खांद्यावर टाकला, मग तार फोडली.

'आई गंभीर. ताबडतोब निघा.'

त्यांनी ती दोनदा वाचली. आजी जिवंत असेल, हे दीड दिवसात आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. घरातल्या प्रत्येक गोष्टीला 'कशावरून' विचारणाऱ्या माझ्याही नाही.

बाबा त्याच कपड्यांनिशी एसटी गाठायला धावले. आजी लग्नाच्या दिवशी दुपारी गेली होती. हळदीच्या दिवशी निघाले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्याजवळ पोचले असते. लेकीचं लग्न टाकून ते गेले असते का, मला ठाऊक नाही. पण ते त्यांनी ठरवायचं होतं, आणि माझ्या हुशारीने त्यांना ठरवूच दिलं नाही.

तेराव्यानंतर ते परतले. मी रडत माफी मागितली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझी काय चूक नाय गो," ते म्हणाले. "आई शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दारात कोणय इला की विचारी, माझो झील इलो काय?"