बसवाल्याची बोट

ड्रायव्हरसाहेबांनी उभं आयुष्य शहरबस चालवली, आणि त्यांचं लग्नही बसमध्येच जुळलं. त्यांच्या गाडीवर नव्या कंडक्टर बाई आल्या, त्या पहिल्याच दिवशी साहेबांनी असा करकचून ब्रेक मारला की बाई तिकिटांच्या पेटीसकट एका आजोबांच्या मांडीवर जाऊन बसल्या. उठल्यावर त्यांनी भरल्या गाडीत साहेबांची अशी काही बिनपाण्यानं केली की साहेबांच्या मनानं तिथंच घेतलं, भांडायचं तर जन्मभर हिच्याशीच. आजोबा लग्नाला आले होते. मांडी सांभाळून बसले होते म्हणतात.

निवृत्त झाल्यावर मात्र साहेबांचं घरात काही जमेना. सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय जमीन दाबत राहायचा. बाई स्वयंपाकघरातून लगबगीनं बाहेर आल्या की ते म्हणायचे, "वळणावर हळू!" एकदा न्हाणीघराचं दार ठोठावून त्यांनी "आत जागा आहे का?" असं विचारलं, तेव्हा बाईंनी धाकट्या भावाला फोन लावला.

"तुझ्या दाजींना कशावर तरी बसव. नाहीतर मी त्यांना बसवते."

हा मेहुणा गावाबाहेरच्या कालव्यात सहलीची बोट चालवायचा. दोन्ही काठांना झाडी, मधूनमधून दगडी पूल, संथ हिरवं पाणी. लोक सुट्टीच्या दिवशी यायचे, सँडविच खायचे, बदकांना ओरडायचे आणि खूश होऊन घरी जायचे. त्याचा बोटवाला नुकताच काम सोडून गेला होता. मेहुण्यानं साहेबांना सुकाणूच्या चाकापाशी नेलं. गोल चाक पाहून साहेबांना माहेरी आल्यासारखं वाटलं. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"ब्रेक कुठंय?"

"दाजी, बोटीला ब्रेक नसतो."

"मग थांबते कशी?"

"थांबत नाही. इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची."

त्या रात्री साहेबांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला, कामाला लागण्याआधीच. मेहुणा हुशार. त्यानं भंगारातून शिलाई मशीनचा पायटा आणला आणि चाकाखाली फळीला ठोकून दिला. "हा घ्या ब्रेक. कशाला जोडलेला नाही, पण पाय ठेवायला आहे." साहेबांनी दाबून पाहिला, कुरकुरला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंनाही त्यांनी सोबत घेतलं. घंटी मारल्याशिवाय आपल्याला हलताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

सुरुवातीला गंमतच झाली. काठावर कुणी उभं दिसलं की साहेब बोट लावायचे. बिचारा माणूस गळ टाकून उभा असायचा. बाई ओरडायच्या, "चला, लवकर चढा, मागून दुसरी नाही!" आणि घाबरून तो चढायचाही. एक आजीबाई तर रोज पिशवी घेऊन यायच्या. ही बोट पोस्टाकडे जाते, अशी त्यांची समजूत होती. कुणी ती मोडली नाही, कारण आजीबाईंनाही पोस्टात काही काम नव्हतं.

खरा प्रसंग घडला तो दातांच्या डॉक्टरांच्या सहलीच्या दिवशी. कुठल्याशा परिषदेला आलेले डॉक्टर, सगळ्यांचे दात पांढरे स्वच्छ, आणि सगळे हसतमुख. बाईंनी सवयीनं हाळी दिली, "पुढं सरका, पुढं सरका, मधे गर्दी करू नका!" डॉक्टर शिस्तीचे. बहुतेक सगळे पुढं सरकले. नेमका तेव्हाच एका वळणावर उथळ पाण्यात बगळा दिसला, आणि उरलेसुरलेही फोटो काढायला पुढं धावले. बोटीचं नाक खाली गेलं आणि वळणावरच्या गाळात जाऊन घट्ट रुतलं. साहेबांनी पायट्यावर उभं राहून ब्रेक दाबला. बोट आधीच थांबलेली होती.

त्यात समोरून एक भाड्याची राहती बोट आली. आठवडाभराच्या सुट्टीवर निघालेलं कुटुंब होतं. वडिलांच्या डोक्यावर कप्तानाची टोपी, छपरावर वाळत घातलेले कपडे, आणि खुर्चीत बसलेल्या सासूबाई. वडिलांनी सुकाणू नको तिकडं फिरवलं आणि त्यांची बोट कालव्यात आडवी झाली. आता मुंगीलाही जायला वाट राहिली नाही.

"मागं घ्या!" साहेब ओरडले.

"तुम्ही घ्या! मला मागं घेता येत नाही!" टोपीवाले ओरडले.

"त्याला पुढंही घेता येत नाही," सासूबाईंनी सगळ्या डॉक्टरांना ऐकू जाईल असं सांगितलं.

बाईंनी कमरेला पदर खोचला. "ड्रायव्हर, इंजिन उलटं टाका! आणि डॉक्टरलोक, सगळ्यांनी मागं सरका! पळा!" साहेबांना ड्रायव्हर म्हणण्याइतकं प्रकरण तापलं होतं. डॉक्टर मागं पळाले. बोटीची शेपटी खाली बसली, नाक वर आलं, गाळानं पच्च असा आवाज केला आणि बोट एकदम सुटली. साहेबांनी सगळा जीव एकवटून ब्रेक मारला. पायटा फळीसकट उखडला, आणि साहेब बाजूच्या कठड्यावरून कालव्यात गेले.

साहेबांना पोहता येत नव्हतं. "मेलो! बुडालो! घरी सांगा!" ते हातपाय झाडू लागले.

"घरचीच आहे मी, इथंच आहे!" बाईंनी दोर फेकला. तेवढ्यात कठड्यावरून वाकलेले एक वयस्कर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, जरा उभे राहून बघा."

साहेब उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं.

आणि मग सगळ्यांनी पाहिलं ते असं. पायाखाली जमीन लागताच साहेबांमध्ये काहीतरी परत आलं. डोक्यावर शेवाळ, मिशांतून पाणी गळतंय, आणि हा माणूस कालव्याच्या मधोमध चौकातल्या हवालदारासारखा ताठ उभा! एक हात आडवा करून त्यांनी आपल्या बोटीवर बाईंना इंजिन बंद करायला लावलं. दुसऱ्या हातानं टोपीवाल्यांना बोलावलं. "या, या, या... डावीकडं कापा... डावं म्हणजे घड्याळाच्या हाताकडं... घड्याळ नाही? मग सासूबाईंच्या बाजूला! येऊ द्या!" राहती बोट हळूहळू सरळ झाली, काठाची झुडपं खरवडत, साहेबांना वळसा घालून निघाली. जाताना साहेबांनी तिच्या अंगावर बसवर मारावी तशी थाप मारली. "जाऊ द्या!" आणि बाईंनी दोन घंट्या दिल्या.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी छपरावरचा एक टॉवेल साहेबांच्या दिशेनं भिरकावला. तो पाण्यात पडला, पण भावना पोचली.

पुढच्या आठवड्यात मेहुण्याकडं फोनवर फोन. माणूस पाण्यात उतरून बोटी सोडतो ती सहल हवी, असं लोक सांगू लागले. मेहुणा आशेनं बघायला लागला, तसं साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "मी काही रोज पडणार नाही." सुट्टीच्या दिवशी विचार करू, असं मात्र म्हणाले.

कालव्यात पडले त्याच दिवशी संध्याकाळी घरी साहेब चादर गुंडाळून चहा पीत बसले होते आणि बाई त्यांच्या ओल्या सदऱ्याच्या खिशातून बेडकाचं पिल्लू काढत होत्या. हसून हसून त्यांना उचकी लागली होती. साहेबांनी रागानं चादर आणखी घट्ट गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "काय गं, खरं सांग. मधोमध उभा होतो तेव्हा रुबाबदार दिसत होतो ना?"

"ओले दिसत होता," बाई म्हणाल्या, आणि आणखी चहा ओतला.