सुमनचा एकच सवाल

शेवटच्या सकाळी सुमन चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "अहो, काल भाकर थापली, आज हात उचलत न्हाई. दवाखान्यात चला." घाबरली न्हाई. स्वतःच स्वतःची पेशंट झाली. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत वाचा गेली... तिथून ती घरी आली न्हाई.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी गवंडी, तिसरीत शाळा सोडलेला. लातूर नवा जिल्हा झाला तवा कचेऱ्यांची लई कामं निघाली. मग दुष्काळ पडला. भिंतीवर मारायला पाणी न्हाई, कामं बंद. मी तिचा डबा घेऊन दवाखान्यात जायचो. पारावरचे म्हणायचे, "मिस्त्री, बायकोच्या हाताखाली लागले का?" मी म्हणायचो, "हाव. तुम्हाला तर तुमच्या बायका हाताखालीबी घेईनात."

एका दुपारी खडी फोडायच्या कामावरून एक पोटुशी बाई आणली, डोकं गच्च धरलेली. सासू म्हणाली, "ऊन लागलं, दुसरं काय. सुई द्या अन् सोडा." त्या दिवसांत जो येई तो उन्हाचाच. सुमननं तिला पाणी पाजलं, सावलीत निजवलं. थोड्या वेळानं तिचा नेहमीचा सवाल केला, "काल जमलं ते आज काय जमलं न्हाई, बाई?" बाई हळूच म्हणाली, "जवारीतले खडे दिसले न्हाईत." सासू हसली, "कामचुकार हाय ती." सुमन हसली न्हाई. तिनं बाईची बांगडी फिरवून बघितली. फिरेना, मनगटात रुतलेली. "कधी भरल्या?" "गेल्या बाजारी. तवा सैल होत्या." सुमननं बीपी मोजला, तो लई चढलेला. तिनं डॉक्टरसाहेबांना हाक मारली. त्यांनी लगेच जीप काढून बाईला लातूरला धाडलं. बाई अन् लेकरू, दोघं जगली.

घरी मी विचारलं, "तुला कसं कळलं?" म्हणाली, "कळलं न्हाई, शंका आली. ऊन असतं तर सावलीत उतार पडला असता. मग नजर कशानं अंधारली, हात कशानं सुजले? पहिलं मनात आलं तेच खरं धरलं की माणूस बघायचं थांबतं. भिंत सरळ दिसली तरी तुम्ही ओळंबा लावताच की."

हाच सवाल ती मला रोज सकाळी चहासंगं विचारायची. मी म्हणायचो, "मी काय पेशंट हाय?" पण सांगायचो. पायरी चढवली न्हाई, सुईत दोरा गेला न्हाई... सगळं सांगायचो. आता पोरगा पुण्याहून फोन करतो, "बाबा, बरं हाय ना?" मी म्हणतो, "बरं हाय." झालं बोलणं.

परवा सदऱ्याची गुंडी लागेना. आदल्या दिवशी लागली होती. कुणाला बोलावलं न्हाई. उघड्या सदऱ्यानंच दवाखान्यात गेलो. नवी नर्स, पोरगीच. म्हणाली, "आजोबा, काय होतंय?"

मी म्हणालो, "असं न्हाई. काल जमलं ते आज काय जमलं न्हाई, असं विचार."

तिनं माझ्याकडं बघितलं, स्टूल जवळ ओढलं, अन् अगदी तसंच विचारलं.

गुंडी लागत न्हाई, एवढं सांगितलं. बाकीचं जे जमत न्हाई, ते सुमनला सांगायचं होतं.