कॅम्प तीनमधली व्हायोलिनं

सहा वर्षं मी दर रविवारी दुपारी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये एका घराच्या पहिल्या मजल्यावर बसून परदेशी वाद्यवृंद ऐकले. ऐकणाऱ्या आम्ही दोघी होतो. दुसऱ्या बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, सिंधी, विधवा. मी त्यांना दादी म्हणत असे, कारण त्या गल्लीत सगळेच म्हणत. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, वृत्तपत्रातून निवृत्त झालेली, बदलापूरला एकटी राहणारी. या संगीताखेरीज आमच्यात सामाईक असं काही नव्हतं.

संगीत कोणतं, ते सांगायला हवं. चाळीस-पन्नास वादकांचा ताफा, पुढे व्हायोलिनं, मागे दबलेला ड्रम, कधी पियानो. किंवा सूट घातलेला एखादा गायक, जो गातोय असं वाटत नाही, शेजारी बसून बोलतोय असं वाटतं. मोठ्या हॉटेलात किंवा दाताच्या डॉक्टरकडे जे हळू आवाजात चालू असतं आणि कोणी ऐकत नसतं, ते. मी ते ऐकते.

हे वडिलांकडून आलं. ते अंबरनाथला कारखान्यात लेथवर होते. आमची वसाहत बौद्धांची. जयंतीला चौकात कर्णे लागत, भीमगीतं चालत, आणि वडील तिथे पहिल्या रांगेत असत. पण सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की ते ट्रान्झिस्टर पोटावर ठेवून आडवे होत आणि शॉर्टवेव्हवर कुठलंतरी लांबचं केंद्र शोधत. खरखरीतून व्हायोलिनं वर येत, बुडत, पुन्हा वर येत. शेजारचे काका दारातून जाताना विचारत, “काय रे, साहेब जेवायला बसला का?”

“बसलाय,” वडील म्हणत. “तू वाढायला ये.”

हे का ऐकता, असं मी एकदा विचारलं होतं. “यात कोणी काही सांगत नाही,” ते म्हणाले. “दिवसभर सगळे सांगतच असतात.”

वडील गेल्यावर माझ्याबरोबर हे ऐकणारं कोणी राहिलं नाही. कार्यालयात संगीताचं सदर लिहिणारे एक सहकारी होते. मी त्यांना एकदा एक कॅसेट दिली. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केली आणि म्हणाले, “बाई, हे संगीत नाही, हे एअर कंडिशनिंग आहे.” सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर बत्तीस वर्षं मी हा विषय कार्यालयात काढला नाही.

दादींची ओळख जीन्समुळे झाली. भाच्यासाठी घेतलेली जीन्स कमरेत घट्ट झाली म्हणून बदलायला मी कॅम्प तीनमध्ये गेले होते. खाली दुकान, मागे पाच-सहा शिलाई मशिनं, वर घर. मशिनं क्षणभर थांबली तेव्हा जिन्यावरून व्हायोलिनं खाली आली. काउंटरवर सून होती. वर कोण ऐकतंय, असं मी तिला विचारलं.

“सासूबाई. त्यांचं हेच चालतं रोज. डोकं उठतं.”

“मी वर जाऊ का?”

तिने माझ्याकडे पालिकेतून कोणी आल्यासारखं पाहिलं. मग ओरडून सांगितलं, “अम्मा, कोई आया है! गाना सुनने!”

वर खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीवर दादी होत्या. दुसरीवर घडी घातलेले कपडे होते. ते त्यांनी पलंगावर ठेवले. मी पूर्वी काय काम करत होते, हे विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “अखबारवाली. बरं, बस. पहले पापड खा. मग बाकी.”

सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड आणि पाणी येतं. दादींकडे त्याला एक नियम जोडलेला होता. पापड पूर्ण संपल्याशिवाय सुई रेकॉर्डवर ठेवायची नाही. बाजू चालू असताना बोलायचं नाही आणि काही कुरकुरायचं तर नाहीच. एकदा माझ्या हातात अर्धा पापड राहिला होता. त्यांनी हात पुढे केला, तो तुकडा काढून घेतला, ताटलीत ठेवला आणि मग सुई सोडली. मुलगा एकदा फरसाण खात वर आला, तर त्याला बाजू संपेपर्यंत जिन्यात उभं केलं होतं. तो पंचावन्न वर्षांचा होता.

रेकॉर्ड त्यांच्या नवऱ्याने आणलेल्या. तो हाँगकाँगला एका सिंधी पेढीत विक्रेता होता. त्या लोकांत जुनी पद्धत होती. पुरुषाने तीन वर्षांच्या करारावर परदेशी जायचं, पाच-सहा महिने घरी यायचं, पुन्हा जायचं. बायको इथे. असे त्याचे नऊ करार झाले. प्रत्येक वेळी त्याने ट्रंकेत साड्या, घड्याळं आणि रेकॉर्ड आणल्या. घरी असताना तो त्या लावून सांगायचा की हे अमुक हॉटेलात वाजतं, हे पेढीच्या खालच्या दुकानात वाजतं. तो परत गेला की दादी त्याच लावत.

“इंग्लिश येत नव्हतं, अजून येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे त्याच्या कानात पण वाजत असेल, असं वाटायचं. बस, इतकंच.”

मी फार विचारलं नाही. विचारणं हा माझा धंदा होता. तिथे मी तो करत नव्हते.

सहाव्या वर्षी एका रविवारी बाजू संपल्यावर त्या म्हणाल्या, “व्हायोलिन कमी झालं.” मी म्हटलं, मला तसं वाटलं नाही. पुढच्या रविवारीही त्या तेच म्हणाल्या. सुई झिजली असणार, असं त्यांनी ठरवलं. मी मुंबईला जाऊन त्यांच्या रेकॉर्डच्या मशीनला बसणारी सुई शोधून आणली. ती बसवली. दादी डोळे मिटून बसल्या. गायक आला तेव्हा त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं. व्हायोलिनं आली तेव्हा ते थांबलं.

“सुई नाही,” त्या म्हणाल्या. “रेकॉर्ड घासली. मीच घासली. एकेक दिवसात दहा-दहा वेळा लावायची मी. सासू म्हणायची, पोरी, ती फाटेल. फाटली बघ.”

 माझ्या कानांना रेकॉर्डमध्ये काही दोष जाणवत नव्हता. पण एका सूत्रावर बातमी देऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

दुसरं सूत्र पुढच्या रविवारी मिळालं. दुसरी बाजू लावलेली होती. मधोमध, चाळीस व्हायोलिनं पूर्ण जोरात असताना, दादींनी शेजारच्या ताटलीतला पापड उचलला आणि खाल्ला. मोठा आवाज झाला. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्या रेकॉर्डकडे पाहत होत्या आणि खात होत्या.

जाताना मी सुनेला विचारलं.

“ऐकू नाही येत त्यांना,” ती म्हणाली. “कधीपासून. कुकरची शिट्टी नाही, बेल नाही. माझा आवाज नाही आणि माझ्या नवऱ्याचा बरोबर येतो. आम्हाला वाटायचं नाटक आहे. मग डॉक्टर बोलले, बारीक आवाज आधी जातो. मशीन आणलं ना कानाचं. कपाटात पडलंय. घातलं की बोलतात, भांडी पडल्यासारखं वाटतं.”

“त्यांना सांगितलंत?”

“कोण सांगेल? तुम्ही सांगा. तुमचं ऐकतात. तुमचा आवाज जाडा आहे.”

तो आठवडाभर मी प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडून पाहिला. सांगितलं नाही, तर नवऱ्याच्या रेकॉर्ड आपणच संपवल्या, असं त्या उरलेलं आयुष्य समजत राहणार. सांगितलं, तर संगीत आहे आणि आपल्यापर्यंत येत नाही, हे त्यांना कळणार. आणि रविवार संपणार. हा तिसरा मुद्दा माझा होता, त्यांचा नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. तो पूर्ण बाजूला गेला नाही. बदलापूरच्या माझ्या सोसायटीत चौसष्ट घरं आहेत. त्या आठवड्यात माझं बोलणं दूधवाला, वॉचमन आणि वीजबिलाची तक्रार घेणारी मुलगी, एवढ्यांशी झालं होतं.

रविवारी मी सांगितलं. रेकॉर्ड चालू असतानाच, नियम मोडून.

“दादी, रेकॉर्ड घासलेली नाही.”

“मग?”

“व्हायोलिनं आहेत. मला येतात ऐकू.”

“आत्ता?”

“आत्ता. सगळी.”

त्या फिरत्या रेकॉर्डकडे पाहत राहिल्या. मग कानाच्या पाळीला हात लावला आणि काढला.

“मतलब मी नाही खराब केली.”

“नाही.”

“पक्का?”

“पक्कं.”

“चला,” त्या म्हणाल्या. त्यांचे खांदे खाली आले. सुटकेने की कशाने, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. बाजू संपली. सुई शेवटच्या रिंगणात फिरत राहिली. तो आवाज त्यांना येत होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी उठून मशीन बंद केलं नाही. मी केलं.

पुढचे दोन रविवार आम्ही पूर्वीसारखंच बसलो. तिसऱ्या रविवारी वर गेले, तर जुन्या साड्यांत बांधलेली पाच गाठोडी जिन्याजवळ होती.

“तुझ्या घरी मशीन आहे ना?” दादींनी विचारलं.

“आहे.”

“तर घेऊन जा.”

“मी इथे येऊन ऐकते.”

“इथं तू ऐकत नाहीस. माझं तोंड बघत बसतेस. मी काय टीव्ही आहे?”

मी म्हटलं, मुलाला ठेवू द्या, नातवाला. त्यांनी हात झटकला. “त्यांना मोबाइल आहे. तू वाद घालू नकोस. तुझ्याकडे वाजतील. इथं नुसत्या फिरतात.”

त्रेसष्ट रेकॉर्ड होत्या. अंबरनाथला रिक्षा बदलावी लागते. दुसऱ्या रिक्षावाल्याने एक गाठोडं उचलून पाहिलं. “मॅडम, लाद्या हैं क्या? बाथरूम का काम निकाला?” मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी मी बदलापूरला एक रेकॉर्ड लावली. माझ्या मशीनवर ती दादींच्या मशीनपेक्षा चांगली वाजत होती. तिसऱ्या मिनिटाला मी सुई उचलली. कारण देता येईल असं काही घडलं नव्हतं. घरात दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. ते तर रोजच नसतं.

मी दर रविवारी दादींकडे जातच राहिले. आता मशीनच्या जागी टीव्ही होता, त्यावर मालिका चालू असे, आवाज बंद. पापड यायचा, मी खायचे. मग त्या विचारायच्या, “या हप्त्यात कुठली ऐकलीस?”

मी एकही ऐकली नव्हती. निघण्यापूर्वी एका कव्हरवरचं चित्र आणि मागचा मजकूर पाहून ठेवायचा, असं मी सुरू केलं. ती समुद्रावरच्या बाईची ऐकली, मी सांगे. किंवा, ती लाल मोटारीची. त्या विचारत, व्हायोलिन? मी म्हणे, आहेत, छान आहेत. घटनास्थळी न जाता लिहिलेल्या अशा बातम्या मी नोकरीत असताना परत पाठवत असे. त्या ओळखणं अवघड नसतं. त्यांत सगळं चांगलं असतं आणि नेमकं काही नसतं.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी मी लाल मोटारीची रेकॉर्ड सांगितली. ती मी आधी एकदा सांगून झाले होते, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

“तिच्यात दुसऱ्या बाजूला बासरी आहे,” दादी म्हणाल्या. “एकटीच येते. ती ऐकलीस?”

“ऐकली.”

“कशी वाटली?”

“साफ आहे. चांगली वाटली.”

त्यांनी मान हलवली आणि सुनेला हात करून चहा सांगितला.

घरी आल्यावर मी ती रेकॉर्ड काढली. दुसरी बाजू लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. बासरी नव्हती. त्यांची बाजू चुकली असेल म्हणून पहिली ऐकली. तिच्यातही नव्हती. कव्हरच्या मागचा वाद्यांचा तपशील वाचला. मग खात्रीसाठी दुसरी बाजू पुन्हा लावली. रेकॉर्ड घरी आल्यापासून पूर्ण ऐकलेली ही पहिलीच.

पुढच्या रविवारी मी पापड संपवला आणि म्हटलं, “दादी, त्यात बासरी नाही.”

“नाहीच आहे,” त्या म्हणाल्या.

त्या रागावलेल्या नव्हत्या. हसल्याही नाहीत. खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्या. “आता सांग काय आहे.”

मी क्रमाने सांगितलं. आधी पियानो, चार सुरांचा. मग खालच्या पट्टीतली व्हायोलिनं, मग वरची. मग ट्रम्पेट, तोंडावर काहीतरी दाबून धरल्यासारखी. मग सगळी एकत्र. दादी माझ्या ओठांकडे पाहत होत्या. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला.

“त्याच्या आधी थांबतात. सगळे एकदम. श्वास घेतल्यासारखे. ते तू नाही सांगितलंस.”

“लक्षात आलं नाही.”

“मग काय ऐकलंस? जा, परत ऐक.”

त्या आठवड्यात ती बाजू मी नऊ वेळा लावली. ते कुठे थांबतात, ते मला सापडलेलं नाही.