सूनबाईंचा फोटो

माझ्या सुनेची घरबसल्या चाललेली नोकरी मी घालवली. तीही तिचं कौतुक करून!

ज्योती पाटोद्याकडची, मेंढपाळाच्या घरातली. बापामागं मेंढरं वळत शिकली, इंजिनियर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत सायबर सुरक्षेच्या कामाला लागली. दुसऱ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी चोरून घुसतंय का, यावर नजर ठेवायची. माझा मुलगा संदीप माजलगावच्या साखर कारखान्यात, म्हणून ज्योती आमच्या दिंद्रुडच्या घरूनच काम करायची. चार तास नात शाळेत असताना, चार तास संध्याकाळी. कंपनीनंच तशी मुभा दिली होती. तिचं काम बघून आपल्याकडच्या आणखी दोन मुलींना असंच घरून काम द्यायचं चाललं होतं. अट एकच : खोली बंद हवी, आणि स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये.

हे गावाला कसं समजावणार? एके दिवशी चहाच्या हॉटेलात एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, तुमची सून दिवसभर दार लावून काय करती हो?"

"चोर पकडती!" मी म्हणालो.

"खोलीत बसून? मग चोर घरी येत आसतील!"

सगळं हॉटेल हसलं. मी निवृत्त हेडमास्तर! माझ्यावर हसायची या गावाला सवय नाही. (म्हणजे, तोंडावर हसायची.) तडक घरी आलो, लॅचच्या दुसऱ्या किल्लीनं तिची खोली उघडली. तिच्या कानावर हेडफोन होते, तिला पत्ताच नाही. मागून एक झकास फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली अकरा ओळींचा मजकूर : 'दिंद्रुडची वाघीण', वगैरे.

"लई भारी, मास्तर!" म्हणत अंगठ्यांचा पाऊस पडला. लोकांनी फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर पाठवला, पाहुण्यांनी त्यांच्या पाहुण्यांच्या. दुपारी ज्योती बाहेर आली ती पांढरीफटक पडलेली.

"आबा, ह्यो फोटो तुमी काढला?"

"चांगला आलाय ना?"

"आबा, स्क्रीन दिसतीया! आमच्या गिऱ्हाईक कंपनीचं नाव हाय त्यावर. चोराला कुठून शिरता येईल, त्याची यादी हाय!"

मी ताबडतोब फोटो डिलीट केला. (फक्त माझ्या फोनवरून! सगळ्यांच्या फोनवरून काढायचं बटण वेगळं असतं म्हणे.) तरी जबाबदार माणूस म्हणून ग्रुपवर सूचना टाकली : 'वरील फोटोत स्क्रीनवर जी गोपनीय यादी दिसते, ती कृपया कोणीही मोठी करून वाचू नये.'

पाच मिनिटांत अख्ख्या गावानं ती मोठी करून वाचली!

"मास्तर, ते तिसऱ्या ओळीत लाल अक्षरात काय हाय?" ग्रुपवर प्रश्न आला. दुसऱ्यानं तेवढा भाग कापून, रेघ मारून टाकला.

ज्योतीनं स्वतःच कंपनीला कळवलं. दुसऱ्या दिवशी चौकशी होती, व्हिडिओ कॉलवर. "आबा, तुमी फक्त बाहेर बसा," एवढंच तिनं सांगितलं होतं. पण आतून तिचा कातर आवाज आला आणि मला राहवेना. बनियनवर, खांद्याला टॉवेल, तसाच कॅमेऱ्यापुढं उभा राहिलो.

"मॅडम, पोरीची काही चूक न्हाई. तिनं दार बंदच केलं होतं!"

"मग तुम्ही आत कसे गेलात, सर?" पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं.

"दुसरी किल्ली असते की माझ्याकडं! या घरात मी कुठल्याही खोलीत कधीही जाऊ शकतो!"

ज्योतीनं डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

नोकरी वाचली, कारण तिनं काही लपवलं नव्हतं. पण घरून काम बंद. पुण्याला येऊनच करायचं. त्या दोन मुलींचंही बारगळलं. त्यातल्या एकीला चालता येत नाही; घरून काम म्हणजे तिला लॉटरीच होती. मी तिच्या घरी माफी मागायला गेलो, तर तिनं माझ्यासाठी खुर्ची पुढं करायला सांगितलं. मला त्या खुर्चीत बसवेना.

ज्योती नातीला घेऊन पुण्याला गेली. संदीप इथंच राहिला. जाताना ती पाया पडली, चिडून एक शब्द बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

परवा तिचा फोन आला. ऑफिसात नव्या लोकांना शिकवायचं काम आता तिच्याकडं आहे. मी भीतभीत विचारलं, "माझा राग गेला का गं?"

"राग कशाचा, आबा? उलट पहिल्या दिवशी मी तुमचाच किस्सा सांगते. घरातल्या माणसाच्या हातनं कसा घोटाळा होतो त्याचा. लई हसतात. पण काळजी करू नका, तुमचं नाव न्हाई घेत."

काय कमावलं, काय गमावलं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि तशा अवस्थेतही माझ्या तोंडून निघून गेलं :

"कावून? नाव घ्यायला काय झालं?"